आरव्हीच्या स्लाइडवर चढायचं का? आणि न चढता तिचा टप कसा सांभाळायचा

नाही, चढायचं नाही. उभं राहायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, मुख्य टपावरून खाली उतरताना "एकच पाऊल" म्हणूनही तिथे पाय टाकायचा नाही. गाडी बनवणाऱ्याने तुमच्या गाडीसाठी लेखी "चालेल" म्हटलं असेल तरच गोष्ट वेगळी. ते कसं विचारायचं ते पुढे सांगते.

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. आमचा फिफ्थ व्हील ट्रेलर आहे (पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचा), त्याला तीन स्लाइड आहेत आणि टपाचं सगळं काम माझ्याकडे असतं. कोविडनंतर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी सेकंडहँड ट्रेलर घेतले. मार्च आला, ओकचा मोहोर गळायला लागला की त्यांचे फोन सुरू होतात: "काकू, स्लाइडवर कचरा साठलाय, वर जाऊन झाडू का?" प्रत्येकाला फोनवर सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुक्कामी पोचलं की बटण दाबून भिंतीचा एक भाग सोफ्यासकट, नाहीतर पलंगासकट बाहेर सरकतो आणि खोली दोन-तीन फुटांनी रुंद होते. तो बाहेर आलेला खोका म्हणजे स्लाइड. निघताना तो पुन्हा आत घ्यायचा. आत घेतला की त्याचा टप मुख्य टपाच्या खाली जातो. त्यामुळे स्लाइडचा टप मुख्य टपापेक्षा बुटका असतो, आणि वरून पाहिलं की अगदी उतरायची पायरी करून ठेवल्यासारखा दिसतो. माणसं फसतात ती इथेच.

वरून सारखा दिसतो, आतून नाही

मुख्य टपाखाली आडवे ट्रस, म्हणजे टप पेलणाऱ्या तुळया, असतात, लाकडाचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, बऱ्याच गाड्यांत १६ इंचांच्या अंतराने. त्यांवर प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेली फळी), आणि त्यावर ईपीडीएम (एक प्रकारचं रबर), टीपीओ किंवा पीव्हीसी (प्लास्टिकचे प्रकार) यांचं आवरण नाहीतर फायबरग्लास. तुमच्या गाडीचा टप चालण्याजोगा असेल तर तो या ट्रसच्या जिवावर.

स्लाइडचं तसं नसतं. ती मुख्य टपाखाली सरकायची असते, म्हणून तिला जाडी परवडत नाही. मोटरने ढकलायची असते, म्हणून वजनही परवडत नाही. बहुतेक स्लाइडचा टप म्हणजे वर पातळ प्लाय, मध्ये फोम, खाली पुन्हा पातळ थर, असं चिकटवलेलं पॅनल असतं. कुठे फोमऐवजी दोन-चार बारीक पट्ट्या. वरचं आवरण मात्र मुख्य टपासारखंच पांढरं, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या खोक्याला तीनच भिंती असतात, एक बाहेरची आणि दोन बाजूंच्या. चौथी बाजू खोलीकडे उघडी. म्हणजे तुम्ही मुख्य टपावरून उतरून जिथे पहिलं पाऊल टाकाल, त्या आतल्या कडेखाली भिंतच नसते.

रत्नागिरीकडे आमच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे होते. पावसाळ्याआधी वडील वर चढायचे तेव्हा पाय नेमका हुकांच्या ओळीवर ठेवायचे, कारण हूक जिथे, तिथे खाली वासा. दोन ओळींच्या मधे पाय पडला की पत्रा फुटला आणि माणूस खाली. मुख्य टपावर चालताना मी तशीच ट्रसची ओळ धरते. स्लाइडच्या टपावर धरायला अशी ओळच नाही.

"पण त्यावर बर्फ साठतो तेव्हा काही होत नाही, मग मी ७० किलोचा, मला का पेलणार नाही?" हा प्रश्न इंजिनीअर मुलं हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. हिशेब करू. स्लाइड १२ फूट लांब, ३ फूट रुंद धरा, म्हणजे ३६ चौरस फूट. एक इंच पाण्याचं वजन चौरस फुटाला साधारण ५.२ पौंड. दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळला की अंदाजे एक इंच पाणी होतं. म्हणजे तेवढ्या बर्फाचं एकूण वजन १८७ पौंड, ८५ किलोच्या आसपास. तुमच्यापेक्षा जास्तच. पण तो बर्फ ३३ हजारांहून जास्त चौरस सेंटिमीटरवर पसरलेला असतो. चालताना तुमचं सगळं वजन एका तळव्यावर येतं, तो फार तर २०० चौरस सेंटिमीटरचा. टाच आधी टेकली तर त्याच्याही पावभर. एकूण भार कमी, पण त्या ठिकाणचा दाब सव्वाशे पटींहून जास्त. तिथे प्लाय आणि फोम एकमेकांपासून सुटतात. तेव्हा आवाजही होत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की पेललं.

तिसरं म्हणजे स्लाइड अधांतरी असते. खाली जॅक नाही, चाक नाही. तिचा सगळा भार खालच्या रुळांवर, नाहीतर बाजूच्या भिंतींतल्या दात्यांच्या पट्ट्यांवर आणि लहान मोटरींवर तोललेला. बाहेरच्या कडेवर माणूस उभा राहिला की खोका खाली कलायला बघतो आणि तो ताण यंत्रणेवर जातो. एका वेळेला काही मोडेल असं नाही. पण खोका जरासा तिरका झाला की कडेची रबरी सीलं एका बाजूला दाबली जातात, दुसऱ्या बाजूला फट पडते, आणि पाण्याला तेवढं पुरतं. "मग खाली टेकू देऊन चढू का?" असंही विचारतात. नको. गाडी थोडी बसली किंवा लेव्हल हलली की टेकू उलट स्लाइडलाच वर रेटतो, म्हणून बऱ्याच कंपन्या तो लावू देत नाहीत.

टॉपर असेल तर

बऱ्याच स्लाइडवर कापडी छत असतं, त्याला टॉपर म्हणतात. स्लाइड बाहेर आली की ते एका रुळावरून (रोलरवरून) उलगडतं, आत गेली की गुंडाळतं. ते जाड विनाइलचं दिसतं, पण त्याच्याखाली पोकळी असते. त्यावर पाय ठेवणं म्हणजे फाटक्या झोळीत पाय टाकणं.

टॉपरच्या रुळात ताणलेली स्प्रिंग असते, तिला हात लावू नका. कापड बदलायला काढताना रूळ पिनेने अडकवला नाही, तर तो जोरात उलटा फिरतो आणि मनगट, बोटं जायबंदी करतो. हे काम मी स्वतः करत नाही, माणूस बोलावते.

पावसानंतर टॉपरवर मधोमध डबकं साठतं. ते काढायला वर जायचं कारणच नाही. स्लाइड थोडी आत घ्यायची, कापड ताणलं जाऊन पाणी बाहेर पडतं, मग पुन्हा बाहेर काढायची. खाली खुर्च्या, कुत्रा, शेजाऱ्याची ग्रिल नाही ना ते आधी बघा. एकदम बादलीभर पाणी येतं.

बर्फ मात्र वेगळा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात जी थंडी पडली, तेव्हा इथल्या लोकांनी पहिल्यांदाच टॉपरवर कडक बर्फाची पाटी पाहिली आणि काहींनी काठीने झोडपलं. गोठलेलं विनाइल कडक होतं, चिरतं. आणि तसंच गुंडाळलं तर बर्फाच्या धारेने फाटतं. निघायची घाई नसेल तर ऊन येईपर्यंत थांबा. घाई असेल तर आतलं हीटर चालू ठेवा आणि मऊ झाडूने जेवढा सुटेल तेवढाच बर्फ ढकला.

टॉपर नसेल तर कचरा कसा काढायचा

आमच्या एका स्लाइडला टॉपर नाही, त्यामुळे हा भाग मला चांगला ठाऊक आहे. आपल्या इथे मार्च-एप्रिलमध्ये लाइव्ह ओकचे पिवळे-तपकिरी तुरे गळतात. ते हलके, केसाळ असतात, एकमेकांत अडकून त्यांची वळकटी होते आणि दंवाने ओली झाली की टपाला चिकटते. स्लाइड आत घेताना मुख्य भिंतीवरचं वायपर सील हा कचरा खरवडून बाहेर टाकेल अशी कल्पना असते. प्रत्यक्षात सुकी पानं थोडीफार पडतात, हे तुरे मात्र सीलच्या ओठाखाली घुसतात आणि ओठ आतल्या बाजूला दुमडतो. बारकाईने बघा: नीट असलेल्या सीलची कड टपाला सलग टेकलेली दिसते. दुमडलेली असेल तिथे काळ्या रबराची उलटी बाजू दिसते आणि मागे बोटभर फट. त्या फटीतून पुढच्या पावसाचं पाणी थेट तुमच्या सोफ्यामागे. ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, त्याहून वाईट. ती अडकली तर टपाच्या आवरणावर लांबलचक ओरखडा ओढतात.

म्हणून स्लाइड आत घ्यायच्या आधी टप झाडायचाच. कसा, ते सांगते.

पहिली पसंती जमिनीवरूनच. लांब होणारा दांडा आणि त्याला गाड्या धुवायचा मऊ ब्रश. कडक खराटा नको. पानं सुकी असतील तर लीफ ब्लोअर, तोंड बाहेरच्या दिशेला, सीलकडे कधीच नाही. पाण्याचा प्रेशर वॉशर तर सीलच्या जवळही आणू नका.

जमिनीवरून दिसत नसेल तर घडीची शिडी. ट्रेलरच्या स्लाइडचा टप साधारण नऊ ते अकरा फुटांवर असतो, त्याला आठ फुटी शिडी बहुतेकांना पुरते. शिडी स्लाइडच्या समोर, चारही पाय उघडून, स्वतःच्या पायावर उभी करा. स्लाइडच्या भिंतीला टेकवायची नाही. त्या भिंतीही पातळ पॅनलच्याच असतात आणि तुमचं वजन पुन्हा त्याच अधांतरी खोक्यावर जातं. सगळ्यात वरचा तुकडा आणि त्याखालची पायरी, या दोन्हींवर उभं राहायचं नाही. कॅम्पग्राउंडवर खडी किंवा मऊ माती असते, तिथे शिडीच्या पायांखाली प्लायचे तुकडे घाला.

शिडी फायबरग्लासची घ्या. शेजारीच ३० किंवा ५० अँपचा विजेचा खांब असतो, कधी वरून ताराही गेलेल्या असतात. शिडीवरचं वजनाचं लेबल वाचा. टाइप टू म्हणजे २२५ पौंड, टाइप वन २५०, टाइप वन-ए ३००. यात तुमच्या वजनाबरोबर बूट, अवजारं, हातातली बादली सगळं आलं. गाडीच्या मागे बसवलेल्या शिडीवर बहुधा २५० पौंडांचं लेबल असतं. तुमच्या गाडीवर जे लिहिलं असेल तेच खरं माना.

बाजू बदलायची झाली तर खाली उतरा आणि शिडी सरकवा. पोट शिडीच्या दोन खांबांच्या मध्ये राहिलं पाहिजे, एवढाच वाकायचा हिशेब. आळस करून आणखी हातभर लांब झुकलं की माणूस पडतो, आणि दहा फुटांवरून खडीवर पडणं पन्नाशीनंतर थट्टा नाही. सकाळी दंव असताना वर जाऊ नका. ओला टप भयंकर निसरडा होतो. मी नऊ-दहानंतर, ऊन लागल्यावर काम काढते, पायात मऊ रबरी तळव्याचे बूट, आणि खाली हे उभे असतात. एकटं असताना शिडी लावायची नाही हा आमच्या घरातला नियम आहे.

आतल्या कडेपर्यंत शिडीवरून हात पोचत नाही. त्यासाठी दोन उपाय. मुख्य टपावर चालायची परवानगी असेल तर तिथे गुडघ्यांवर बसून, कडेपासून हातभर आत राहून, लांब दांड्याच्या ब्रशने खाली झाडायचं. पोटावर पडून, अर्धं अंग बाहेर काढून नाही. मुख्य टपावर जायला वेगळी शिडी लावत असाल तर ती टपाच्या कडेच्या तीन फूट वर गेली पाहिजे, आणि दर चार फूट उंचीला तिचा पाय एक फूट बाहेर. दुसरा उपाय म्हणजे कुणीही शिडीवर नसताना स्लाइड थोडी आत घ्यायची, जमलेला कचरा सीलपाशी गोळा झाला की थांबायचं, फूटभर पुन्हा बाहेर काढायची आणि तो ढीग ब्रशने पुढे ओढायचा. शिडीवर चढण्याआधी स्लाइडची किल्ली किंवा स्विच बंद करून खिशात. आत नातवंडं असतील तर हे विसरू नका, त्यांना बटणं फार आवडतात.

एक मनापासूनची विनंती. भारतातून आई-बाबा आलेले असतात. बाबांना बसून राहवत नाही, तुम्ही ऑफिसच्या कॉलवर असता आणि ते शिडी लावतात. आयुष्यभर घराच्या गच्चीवर, पत्र्यावर वावरलेला माणूस, त्याला ही गाडी काय अवघड वाटणार! त्यांना आल्या दिवशीच स्लाइड दाखवा, आत नुसता फोम आहे हे सांगा, आणि शिडी कुलपात ठेवा. व्हिजिटर विम्यावर खुब्याचं ऑपरेशन इथे काय पडेल याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो. भाड्याच्या आरव्हीवर तर कुणीच, कशावरच चढू नका. फांदी पडली असली तर मालकाला फोन करा.

सील आणि सीलंट

हे शिडीवरूनच होतं. रबरी सील सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचं, वाळू द्यायचं आणि मग आरव्हीच्या दुकानात मिळणारं रबर सील कंडिशनर हलक्या हाताने लावायचं. पेट्रोलियमचं काही नको, ना सीलला ना ईपीडीएमच्या टपाला. रबर फुगतं आणि मऊ पडतं.

कडेच्या पट्टीवरचं सीलंट, म्हणजे फटी बुजवायला भरलेला चिकट थर, वर्षातून दोनदा तरी बघा. इथल्या उन्हात मी दर तीन महिन्यांनी बघते. केसभर चीर दिसली तर जुनं सुटलेलं तेवढं काढून, पुसून, नवीन भरायचं. आडव्या पृष्ठभागावर सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारं, उभ्या कडेवर न ओघळणारं. डायकॉर कंपनीची दोन्ही मिळतात, पण आधी आपल्या टपाच्या आवरणाला कोणतं चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन आणू नका. एकदा ते लागलं की त्यावर पुढे दुसरं काहीच धड चिकटत नाही.

कंपनीला काय विचारायचं

मॅन्युअलमध्ये "रूफ" आणि "स्लाइड-आउट" ही दोन्ही प्रकरणं वाचा. "वॉकेबल रूफ" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं ते मुख्य टपाबद्दल असतं, स्लाइडबद्दल धरून चालू नका. मागे शिडी आहे म्हणजे सगळीकडे चालता येतं असाही अर्थ होत नाही. स्पष्ट सापडलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (ओळख क्रमांक) द्या आणि सरळ तीन प्रश्न विचारा: मुख्य टपावर किती वजन चालतं, स्लाइडच्या टपावर चालतं का, आणि तो कशाचा बनलेला आहे. काही जड मोटरहोममध्ये (स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आरव्हींमध्ये) स्लाइडचा टप खरोखर भक्कम असतो, पण उत्तर लेखी हवं. डीलरच्या सेल्समनने मान हलवली ती धरू नका. वॉरंटीचा वाद झाला तर तो ईमेलच कामाला येतो.

आधीच कुणी चढून गेलं असेल तर

सेकंडहँड गाडी घेताना तर हे बघाच. मागच्या वर्षी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मी ट्रेलर बघायला गेले होते. विकणाऱ्याने टप नुकताच धुऊन चकचकीत केलेला. शिडीवरून स्लाइडच्या टपावर तळहात ठेवत गेले. कडेला घट्ट, आणि आतल्या बाजूला, अगदी पहिलं पाऊल पडेल तिथे, ताटलीएवढा भाग दबला आणि हात उचलल्यावर हळूहळू वर आला. जवळून बघितलं तर आवरणावर बुटाच्या टाचेची अर्धगोल घडी होती. आत सोफ्याच्या वरच्या कोपऱ्यात, वॉलपेपरच्या सांध्याला चहासारखा पुसट डाग. त्यांनी तो ट्रेलर घेतला नाही.

तुम्हीही तेच करा. तळहाताने इंचाइंचाने दाबत जा, नुसत्या बोटाने नाही. मऊ किंवा पोकळ वाटेल तिथे टेप चिकटवून खूण करा. आतून, त्या जागेच्या बरोबर खाली, छताच्या स्क्रूंवर गंज आहे का आणि कोपऱ्यात डाग आहे का ते बघा. वीस-तीस डॉलरचं ओल मोजायचं मीटर घ्या, आधी नक्की कोरड्या जागी लावून बघा आणि मग संशयाच्या जागी. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर पाणी आत आहे. स्लाइडच्या जमिनीची बाहेरची खालची कडही दाबून बघा, कारण वरून शिरलेलं पाणी भिंतीतून उतरून तिथेच मुक्काम करतं आणि लाकूड आधी तिथे कुजतं.

सगळं कोरडं आणि टणक असेल तर कडेचं सीलंट तपासा, टपाचा फोटो तारखेसह ठेवा आणि दोन-तीन पावसांनंतर पुन्हा दाबून बघा. मऊ आहे पण कोरडं आहे, तर आवरण फाटलेलं नाही ना याची खात्री करून टेक्निशियनला दाखवा. लहान चीर असेल तर तोपर्यंत एटर्नाबाँडसारखी रुंद टेप लावून पाणी थांबवता येतं. मऊ आणि ओलं दोन्ही असेल तर वरून टेप मारू नका, आतली ओल आतच कोंडते. टपावर ताडपत्री टाकून तिच्या दोऱ्या खाली गाडीच्या चौकटीला बांधा, त्या आठवड्यात स्लाइड आत-बाहेर करणं टाळा आणि मोबाइल आरव्ही टेक्निशियनला बोलवा. तो आला आणि स्वतःच स्लाइडवर पाय ठेवायला लागला, तर त्यालाही थांबवा.